काट्याचा प्रोग्रॅम एका सकाळी का थांबला?

प्रश्न : ताई, आमचं गोकुळ शिरगावला छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आलं की प्लॅटफॉर्म काट्यावर चढवतो आणि वजन थेट कॉम्प्युटरवर नोंद होतं. हा पायथॉनचा प्रोग्रॅम माझ्या पुतण्यानं सहा वर्षांपूर्वी लिहिला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या महिन्यात जुना पीसी बसला. नवा घेतला, त्यावर सगळ्यात नवं पायथॉन टाकलं, तर प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही. ‘टेलनेटलिब नावाचं मॉड्यूल सापडत नाही’ एवढंच येतंय. पुतण्या म्हणतो, ते पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीतलं आहे, वेगळं टाकावं लागत नाही. मग गेलं कुठं? आणि आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही? सध्या वजनं वहीत लिहितोय.
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : दादा, आधी काटा चालू करू, मग कुणी सांगितलं नाही त्याबद्दल बोलू.

नव्या पीसीवरचं पायथॉन काढू नका. त्याच्याच शेजारी 3.12 ही जुनी आवृत्ती टाका. दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर गुण्यागोविंदानं राहतात. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर हवा असेल तर 3.12.10 घ्या, त्या मालिकेत त्यानंतर तयार इन्स्टॉलर निघालेला नाही. पुतण्यानं बाहेरच्या काही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरल्या असतील तर त्या 3.12 साठी पुन्हा टाकाव्या लागतील. शेवटी डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला 3.12 कडे वळवा, म्हणजे वही मिटता येईल. 3.12 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे घाई नाही. पण ही मुदत आहे, कायमची सोय नव्हे. तारीख काट्याशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता, गेलं कुठं? पायथॉन 3.13 ही आवृत्ती 7 ऑक्टोबर 2024 ला आली आणि तिच्यातून एकोणीस जुनी मॉड्यूल एकदम काढली गेली. टेलनेटलिब त्यातलंच एक. नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी बोलायची टेलनेट ही जुनी पद्धत, तिच्यासाठी ते होतं. वेबसाइटचे फॉर्म वाचणारं सीजीआय हे जुनं मॉड्यूलही त्याच वेळी गेलं. पायथॉन वाढलं त्या काळात बाहेरून एखादी लायब्ररी आणणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, म्हणून जे जे लागेल ते सगळं सोबतच द्यायचं असं त्यांचं धोरण होतं. पुढं यातली कित्येक मॉड्यूल वापरणारे कमी झाले आणि त्यांची देखभाल करायला तर कुणीच उरलं नाही. टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघडा जातो, हेही आहेच. ज्याच्याकडं कुणी बघत नाही असं मॉड्यूल ‘अधिकृत’ म्हणून वाटत राहणं मलाही बरोबर वाटत नाही. ती काढली हे मला पटतं.

सांगितलं होतं का? सांगितलं होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या 3.11 पासून टेलनेटलिब डेप्रिकेटेड होतं. म्हणजे ते अजून चालतं, पण जाणार आहे, नव्या कामाला घेऊ नका. पुढच्या दोन वर्षांत हे मॉड्यूल मागवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला पायथॉन तसा इशारा देत होतं. तुमच्या जुन्या पीसीवर 3.11 च्या आधीचं पायथॉन असेल तर तो इशारा तुमच्या दारापर्यंत आलाच नाही. आणि 3.11 किंवा 3.12 असतं तरी बहुधा दिसला नसता. कारण डेप्रिकेशनचे इशारे पायथॉन एरवी झाकून ठेवतं, मुख्य फाइलमध्ये थेट उद्भवलेला तेवढा दाखवतं. काट्याशी बोलणारा भाग सहसा वेगळ्या फाइलमध्ये असतो, आणि शॉपमधला प्रोग्रॅम शॉर्टकटवरून कमांडची काळी खिडकी न उघडता चालतो. इशारा निघाला तरी वाचायला समोर कोण?

वापरणाऱ्याला उगाच घाबरवू नये, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र कळावं, असा त्यामागचा हेतू. मला हे मान्य नाही. मोठ्या कंपनीत लिहिणारा आणि वापरणारा वेगळे असतात, तिथं ठीक आहे. आपल्याकडं उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात प्रोग्रॅम लिहून देणारा पुतण्या पुण्याला गेलेला असतो आणि मागं राहतो तो फक्त वापरणारा. त्याला वाचवायचं म्हणून झाकलेला इशारा त्याच्यावरच उलटतो.

म्हणून इथून पुढं एक करा. पायथॉनची आवृत्ती बदलायच्या आधी चालू प्रोग्रॅम एकदा काळ्या खिडकीतून चालवा आणि पायथॉनला सांगा की प्रत्येक इशारा चूक म्हणून धर. त्यासाठी कमांडमध्ये आडवी रेघ, मोठा डब्ल्यू आणि पुढं ‘एरर’ एवढंच लिहायचं. जिथं डेप्रिकेटेड वस्तू वापरली असेल तिथं प्रोग्रॅम थांबेल आणि फाइलचं नाव, ओळीचा नंबर दाखवेल. दर दिवाळीला हे करा. पायथॉनची नवी आवृत्तीही आता दरवर्षी ऑक्टोबरातच येते, त्यामुळं लक्षात राहील.

कायमच्या दुरुस्तीचं पुतण्याला असं सांगा. काट्याचा सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा जो छोटा डबा आहे, त्याच्याशी साध्या सॉकेटनं, म्हणजे नेटवर्कवरच्या थेट जोडणीनं, बोलता येतं. सॉकेट पायथॉनच्या स्वतःच्या, म्हणजे स्टँडर्ड, लायब्ररीतच आहे. फक्त टेलनेटलिब दोन कामं मुकाट्यानं करत होतं, ती आता आपल्याला करावी लागतील. पहिलं काम ओळ पूर्ण होईपर्यंत थांबण्याचं. काट्यानं 12.450 पाठवलं तरी सॉकेटच्या हातात ते एकदम पडेल असं नाही. कधी आधी 12.4 येतं आणि 50 मागून. पहिला तुकडा वजन म्हणून नोंदवला तर तोही दिसायला अगदी धडधाकट आकडा असतो, आणि त्या नोंदीतून पन्नास ग्रॅम गेलेले कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. म्हणून आलेले बाइट एका जागी साठवायचे आणि ओळ संपल्याची खूण दिसल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही. दुसरं काम टेलनेटच्या स्वतःच्या सूचना गाळण्याचं. त्या 255 या बाइटनं सुरू होतात. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘रॉ’ हा पर्याय असेल तर तो निवडा, म्हणजे त्या येणारच नाहीत.

आणि हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवायला सांगा, नाव काहीही द्या, ‘वजन_आण’ म्हणा. बाकीच्या प्रोग्रॅमला टेलनेट आहे की सॉकेट, हे कळायचं कारणच नाही.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय. तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत काही फंक्शनवर ‘फक्त नाइटलीसाठी, प्रायोगिक’ असा शिक्का असतो. नाइटली म्हणजे कंपायलरची रोज निघणारी कच्ची आवृत्ती. स्टेबल, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पक्क्या कंपायलरवर ती फंक्शन वापरली की चूक येते. लायब्ररीत वस्तू ठेवायची आणि हात लावू द्यायचा नाही, हे काय? एका मित्रानं रस्टसी बूटस्ट्रॅप हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल 1 करायला सांगितलं आणि खरंच चाललं. प्रोजेक्टमध्ये तसंच ठेवू का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नको ठेवूस. ती किल्ली कंपायलर स्वतःच्या बांधणीसाठी वापरतो, तुझ्या प्रोजेक्टसाठी ती नाही. आज चाललं ते सहा आठवड्यांनी पुढची आवृत्ती आली की चालेलच, असं तुला कुणीही सांगितलेलं नाही. त्या शिक्क्याचा अर्थच तो आहे.

तू विचारलेला प्रश्न मात्र मला फार आवडतो, म्हणून दोन फंक्शनांची हकिगत सांगते.

रस्ट 1.0 आली 15 मे 2015 ला. तिच्या अगदी तोंडावर लायब्ररीत थ्रेड स्कोप्ड नावाचं फंक्शन होतं. वेगळ्या थ्रेडला, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाला, आपल्या फंक्शनमधला डेटा उसना द्यायचा आणि थ्रेड संपेपर्यंत थांबायचं, हे त्याचं काम. ते एक राखणदार वस्तू हातात द्यायचं. ती वस्तू नष्ट होताना थ्रेड संपायची वाट बघायची, म्हणून डेटा सुरक्षित. 1.0 ला काही आठवडे उरलेले असताना लक्षात आलं की ती वस्तू नष्टच होऊ न देणं सुरक्षित रस्टमध्येही जमतं. दोन वस्तूंनी एकमेकांना धरून ठेवलं की राखणदार तसाच अडकून पडतो, आपलं फंक्शन संपून जातं, आणि थ्रेड मात्र आता अस्तित्वात नसलेला डेटा वाचत राहतो. ज्या भाषेनं असं होऊ देणार नाही म्हणून नाव कमावलं, तिच्याच लायब्ररीत हे. ते फंक्शन अनस्टेबल ठरवून पुढं काढून टाकलं. त्या जागी नीट विचार करून रचलेलं थ्रेड स्कोप आलं ऑगस्ट 2022 मध्ये, 1.63 या आवृत्तीत. त्यात राखणदार तुझ्या हातात येतच नाही, फंक्शन स्वतःच थांबतं आणि मग परततं. सात वर्षं गेली, पण पहिलं मागं घेता आलं, कारण ते स्टेबल म्हणून 1.0 मध्ये गेलंच नव्हतं. शब्द दिला नव्हता.

दुसरं फंक्शन मेम अनइनिशलाइज्ड. हे 1.0 पासून स्टेबल. काही न भरलेली मेमरी एखाद्या प्रकारची म्हणून देतं. पुढं कळलं की ते जवळजवळ कुठंच बरोबर वापरता येत नाही. बूलियनमध्ये खरं-खोटं सोडून तिसरंच काही पडलं तरी कंपायलरची गृहीतकं कोसळतात. 1.36 मध्ये मेबी-अनइनिट हा चांगला पर्याय आला आणि 1.39 पासून जुनं डेप्रिकेटेड झालं. पण ते आजही लायब्ररीत आहे. स्टेबल वस्तू रस्टमध्ये डेप्रिकेट होते, काढली जात नाही, कारण तिच्या भरवशावर कुणाचं तरी काम उभं असतं.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे. जुन्या ऑइल इंजिनाचे लाकडी पॅटर्न त्यांच्या रॅकवर वर्षानुवर्षं असायचे. त्यांवर लाल रंगानं फुली असे, म्हणजे नव्या ऑर्डरला हे घ्यायचं नाही. पण ते जाळू देत नसत. करवीर तालुक्यात कुठं तरी एका विहिरीवर ते इंजिन अजून चालू आहे आणि त्याचा पार्ट मागायला माणूस येईल, असं म्हणायचे, आणि माणूस यायचा. नव्या पॅटर्नचं उलट. सॅम्पल कास्टिंग गिऱ्हाइकानं पास करेपर्यंत तो रॅकवर चढायचाच नाही, बाकावर पडून असायचा. रोज थोडा तासला जायचा. बाकावरचा पॅटर्न उचलून कुणी शंभर नग ओतले तर वडिलांनी काय करावं?

तुला अडलेलं फंक्शन बाकावरचं आहे. त्याच्या शिक्क्याजवळ एक नंबर असतो, तो उघड. तिथं त्याची सगळी चर्चा सापडते : नाव बदलणार का, काय अडलंय, शेवटच्या हरकतींसाठी दहा दिवसांची मुदत सुरू झाली का. मुदत सुरू झाली असेल तर थोडा थांब. एकदा नाइटलीत स्टेबल ठरलं की साधारण सहा ते बारा आठवड्यांत ते तुझ्या कंपायलरपर्यंत येतं. चर्चा दोन वर्षं थंड असेल तर त्याच कामाची बाहेरची लायब्ररी शोध. बऱ्याचदा ती असते. थ्रेडच्या त्या सात वर्षांत लोकांनी क्रॉसबीम वापरलं. वन्स-सेल हीसुद्धा आधी बाहेरची लायब्ररी होती, तिचं मुख्य काम जून 2023 मध्ये 1.70 पासून स्टँडर्ड लायब्ररीत आलं.

डेप्रिकेट होण्याची कारणं दर वेळी इतकी गंभीर नसतात, हेही सांगते. रस्टमध्ये मजकुराच्या सुरुवातीची मोकळी जागा काढायला ट्रिम लेफ्ट होतं. उर्दूत ओळीची सुरुवात उजवीकडं असते, तिथं ‘लेफ्ट’ म्हणजे काय? म्हणून ट्रिम स्टार्ट आलं आणि जुनं नाव 1.33 पासून डेप्रिकेटेड. एका शब्दासाठी एवढं करणारी माणसं मला जवळची वाटतात.

प्रश्न : मी लक्ष्मीपुरीत दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. माझी एक सामाईक लायब्ररी सात गिऱ्हाइकांकडं चालते. त्यातलं एक फंक्शन बदलायचं आहे. कसं करावं?
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : ताई, हे मी चुकून शिकले आहे. मार्केट यार्डातल्या काही गूळ व्यापाऱ्यांना मी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढायचा प्रोग्रॅम दिला होता. त्यात हमाली काढणारं फंक्शन रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, संख्येवर चालायचं. एका व्यापाऱ्याला ते वजनावर हवं होतं. मी फंक्शनचं नाव तेच ठेवलं आणि आतला हिशेब बदलला. त्याच्याकडं बरोबर चाललं. बाकीच्यांकडं पुढचा अपडेट गेला तेव्हा त्यांचा प्रोग्रॅम रव्यांचा आकडा पाठवत होता आणि फंक्शन तो किलो समजत होतं. काहीही बंद पडलं नाही, पट्ट्या छापून निघत राहिल्या. तीन दिवसांनी पन्हाळ्याकडचे एक शेतकरी पट्टी घेऊन आले आणि म्हणाले, हमाली इतकी कमी कशी, माझं काही चुकलंय का? ते प्रामाणिक होते म्हणून कळलं. सगळ्या पट्ट्या मी हातानं पुन्हा केल्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढीवर जाऊन फरक समजावला.

तेव्हा जुन्या नावाखाली नवा अर्थ कधीही घालू नका. नवं फंक्शन नव्या नावानं करा. जुन्याचं उत्तर होतं तसंच ठेवा, फक्त वापरल्याची नोंद एका फाइलमध्ये पडू द्या : कुठलं गिऱ्हाईक, कुठली ओळ, कुठली तारीख. जुन्यावर तीन गोष्टी लिहा. केव्हापासून वापरू नये, त्याऐवजी काय घ्यावं, आणि ते काढणार आहात की नाही.

ही तिसरी गोष्ट जावा भाषेनं बरीच वर्षं सांगितली नव्हती. थ्रेड मधेच तोडणारं स्टॉप हे फंक्शन 1998 मध्ये जावा 1.2 पासून डेप्रिकेटेड होतं, पण ते जाणार की राहणार हे शिक्क्यावरून कळायचं नाही, त्यामुळं लोक शिक्का वाचेनासे झाले. 2017 च्या जावा 9 मध्ये ‘काढण्यासाठी’ असा वेगळा शिक्का आला. स्टॉप खरोखर चालेनासं झालं ते 2023 मध्ये, जावा 20 ला. गो भाषेनं 1.16 मध्ये आयओयूटिल पॅकेज डेप्रिकेट केलं, पण ते कधीच काढायचं नाही हेही स्पष्ट आहे, म्हणून तिथं कुणाची झोप उडत नाही. दोन्हीतलं काहीही चालेल, पण लिहून ठेवा.

सातच गिऱ्हाइकं असताना नोंदीच्या फाइलवर पूर्ण विसंबू नका. वर्षअखेरीलाच चालणारा एखादा रिपोर्ट असतो, तो मार्चशिवाय फाइलमध्ये दिसणार नाही. 31 मार्च ओलांडू द्या, सातही दुकानांत फोन करा, आणि मगच जुनं फंक्शन काढा.