मन चिंती ते वैरी न चिंती

मध्यंतरी एकाच आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. पहिला रोज लोकलने जाणारा तरुण. गाडी फलाटात शिरताना शेजारच्याला ढकललं तर, असं त्याच्या मनात येतं, म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दुसरे एक निवृत्त शिक्षक. देवापुढे हात जोडले की त्यांना नेमकी शिवी आठवते. तिसरी एक ओली बाळंतीण. तिघांचं शेवटचं वाक्य जवळजवळ सारखंच होतं: "मॅडम, असं मनात येतं म्हणजे माझ्या आत तेच आहे का?"

समुपदेशक म्हणून बावीस वर्षं हा प्रश्न ऐकतेय. दार नीट लागलंय ना हे बघून, आवाज खाली आणून लोक तो विचारतात. काही जण तर चौथ्या-पाचव्या भेटीत, निघताना, चपलेत पाय घालता घालता. म्हणून म्हटलं, एका जुन्या केसच्या आधाराने उत्तर एकदा लिहूनच काढावं. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ती अठ्ठावीस वर्षांची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती डोंबिवलीला सासरी आली, नवव्या मजल्यावरच्या घरात. माझ्याकडे तिला सासूबाई घेऊन आल्या. बसायच्या आधीच त्यांनी तक्रार मांडली. "हिला बाळाचं काही नाही हो. आंघोळ मी घालायची, टाळू मी भरायची, झोपवायचं मी. पाजायला तेवढी घेते, तेही मी समोर बसले तर. आणि माझी विळी कुठे नेऊन ठेवलीय देव जाणे, पंधरा दिवस कोथिंबीर बाजूच्यांकडून चिरून आणतेय."

विळीचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

त्या गेल्यावर ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर तुम्ही बाळाला माझ्यापासून काढून घ्यायला सांगाल."

"तू आत्ताही बाळापासून लांबच राहतेयस," मी म्हटलं. "कशामुळे?"

मग आलं एकदाचं बाहेर. दुपारी ती नारळ खवत होती, बाळ समोर दुपट्यावर हातपाय हलवत पडलं होतं. तिची नजर पात्यावर गेली, तिथून बाळावर, आणि मनात आलं... ते वाक्य तिने पुरं केलं नाही, मीही करायला लावलं नाही. त्याच संध्याकाळी तिने विळी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर, पितळी पिंपामागे ढकलली. मग बाल्कनी. दाराच्या कडीला सुतळी बांधली, तीन गाठी. रात्री बाळाला पाजून झालं की उठून त्या गाठी बोटांनी चाचपायची. एकदा, दोनदा, सातदा.

"कुणाला बोललीस हे?"

"आईला, फोनवर, थोडंसं. ती म्हणाली असलं अभद्र मनातसुद्धा आणू नये, वास्तू तथास्तु म्हणते."

इथे थोडं थांबते. 'वास्तू तथास्तु म्हणते' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, मीही माझ्या मुलीला एकेकाळी म्हटलंय. शुभ बोलावं एवढ्यापुरतं ते ठीक. पण घाबरलेल्या माणसाच्या कानात त्याचा अर्थ होतो: विचार आला म्हणजे अर्धं काम झालं, उरलेलं घर करील. गंमत म्हणजे त्याच आजीबाईच्या बटव्यात दुसरी म्हणही आहे: मन चिंती ते वैरी न चिंती. माझ्याबद्दल, माझ्या माणसांबद्दल शत्रूही चिंतणार नाही असं वाईट माझंच मन चिंततं. का? तर माणूस आपला आहे म्हणून. शेजाऱ्याचं पोर बाल्कनीत वाकलं तर आपल्या पोटात गोळा येतो, पण रात्रीची झोप उडत नाही. जे सगळ्यात जपायचं त्याच्याभोवतीच मन सगळ्यात भीषण चित्रं काढतं. मानसशास्त्राने जाडजूड पुस्तकं लिहून जे सांगितलं ते या म्हणीत आहे, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

पुस्तकांतलंही सांगते, कारण आकड्यांनी बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो. 1978 साली रॅकमन आणि डिसिल्वा या दोघा संशोधकांनी, कसलाही मानसिक त्रास नसलेल्या लोकांना विचारलं, तर दहातल्या आठांनी असे नकोसे विचार येतात असं सांगितलं. 2014 साली तेरा देशांतल्या 777 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार आलेले जवळपास 94 टक्के निघाले. नव्या आयांचं म्हणाल, तर कॅनडातल्या एका अभ्यासात सुमारे निम्म्या जणींनी, आपणच बाळाला इजा करतोय असा विचार मनात येऊन गेल्याचं कबूल केलं. असे विचार जवळपास सगळ्यांनाच येतात. बहुतेकांच्या मनात तो येतो आणि रस्त्यावरच्या रिक्षासारखा निघून जातो. काही जण त्या रिक्षाला हात करतात, थांबवतात आणि विचारतात, तू माझ्याच दारात का आलीस?

आणि विचार दाबायला जाल तर तो वाढतो. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट लहानपणी ऐकलीच असेल. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रयोगात माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या.

हे सगळं मी तिला सांगितलं. त्याआधी, झोप लागते का, कुणाचे आवाज ऐकू येतात का, हे करावं असं वाटतं की करायची भीती वाटते, असे काही प्रश्न नीट विचारून घेतले. चित्र स्पष्ट होतं. आणि मग माझ्याकडून चूक झाली. तिचा तो पांढराफटक चेहरा बघून मी म्हणाले, "तू असं काही करणार नाहीस."

तिचा चेहरा खुलला, ती घरी गेली. दोन दिवसांनी मेसेज: "नक्की ना मॅडम?" मी लिहिलं, "नक्की." पुढच्या दिवशी पुन्हा. मग सकाळ-संध्याकाळ. आठवड्याच्या शेवटी मोबाइल हातात घेऊन बसले असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कडीला तीन गाठी होत्या, चौथी मी झाले होते. तिने मला चाचपायचं, मी 'घट्ट आहे' म्हणायचं, आणि दोन तासांनी पुन्हा. या त्रासात दिलासा हेच खतपाणी होतं, हे मला पाठ होतं. तरी दिला. समोर रडणारी आई असली की पाठांतर कामी येत नाही.

पुढच्या भेटीत स्पष्टच सांगितलं, "यापुढे या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही."

ती चिडली. "मग मी येते कशाला? तुम्हालाही खात्री नाही का?"

"शंभर टक्के खात्री मला माझीसुद्धा नाही. आज घरी जाताना मी रस्ता धडपणे ओलांडीन याचीही नाही. तरी सहा वाजता मी निघणार आहे."

तिला हसू आलं नाही, पण ती उठूनही गेली नाही. मी तिला कागद दिला आणि म्हटलं, मनात जे वाक्य सतत वाजतं ते लिही. तिने लिहिलं: "माझ्या मनात बाळाबद्दल असा विचार येताच कामा नये." मी पेन घेतलं आणि 'येताच' मधल्या 'च'भोवती गोल काढला.

"हा च कोणी घातला?"

ती कागदाकडे बघत राहिली.

माझी सगळी वाटचाल अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारावर झालेली आहे, हे लपवत नाही. 1955 च्या सुमारास त्याने मांडायला सुरुवात केली की माणूस इच्छेची मागणी करून ठेवतो आणि मग त्या मागणीखाली चेंगरतो. त्या मागणीच्या रोगाला त्याने इंग्रजीत एक खास शब्दही घडवला. आपल्याला ती गरज नाही, आपल्याकडे एका अक्षरात काम भागतं. नापास होताच कामा नये. लोकांनी मला मान दिलाच पाहिजे. कुणाशीही बोलताना मी आधी हा 'च' शोधते आणि आजवर तो न सापडलेला माणूस मला विरळाच भेटला.

वीसेक मिनिटं खाडाखोड करून तिने दुसरं वाक्य लिहिलं: "असा विचार न आला तर बरं. आला तर भीती वाटेल, आणि तरी मी बाळाला आंघोळ घालीन." यातलं 'आणि तरी' तिचं स्वतःचं. मी सुचवलेलं नाही.

पाचव्या भेटीला सासूबाईंना आत बोलावलं. सांगायचं की नाही हे तिच्यावरच सोडलं होतं. तिने जमिनीकडे बघत एका दमात सांगून टाकलं, विळी, बाल्कनी, सगळं. आता वादळ होणार म्हणून मी सावरून बसले. सासूबाईंनी पदर सारखा केला, पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायल्या आणि म्हणाल्या, "आमच्या परसात आड होता."

मला आधी कळलंच नाही.

"ह्याच्या बापाचं... म्हणजे हिच्या नवऱ्याचं सांगतेय. कडेवर घेऊन पाणी शेंदायला जायचे. एकदा खाली बघितलं आणि मनात आलं, सोडला तर? घागर तिथेच टाकून पळत आत आले. मला वाटलं बाहेरचं काही लागलं. मग कंबर दुखते म्हणून सांगितलं. दोन वर्षं पाणी जाऊबाईंनी भरलं. अजून टोमणे मारतात."

"कोणाला बोललात हे?"

"आत्ता तुम्हाला."

सून पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. मी इतके आकडे सांगितले होते, 94 टक्के, तेरा देश. त्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते परसातल्या आडाने केलं. तेव्हापासून मी घरातल्या मोठ्या बायकांना जरा लवकर आत बोलावते.

पुढचं काम कष्टाचं, सांगायला कंटाळवाणं. विळी आधी गुंडाळलेलीच खाली आली, ओट्याखाली तीन दिवस तशीच. मग उघडी, बाळ दुसऱ्या खोलीत. मग बाळ त्याच खोलीत, हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर, कारण ती काळजी कुठलीही आई घेतेच. भीती चढायची. ती चढू द्यायची, पळायचं नाही, गाठी चाचपायच्या नाहीत, मेसेज करायचा नाही, आणि ती आपल्या पायांनी उतरेपर्यंत नारळ खवत राहायचं. सुतळीची एक गाठ दर आठवड्याला सुटली. मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवलं. दूध पाजत असताना चालतील अशी औषधं असतात, कोणतं आणि किती ते त्यांनी ठरवलं. गोळी घ्यावी लागली म्हणजे समुपदेशन हरलं, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. आईला या विचाराची भीती वाटत नसेल, उलट तो बरोबर वाटत असेल, आवाज येत असतील, बाळ आपलं नाही किंवा त्यात कोणी शिरलंय अशी तिची खात्री झाली असेल, झोपेची गरजच वाटेनाशी झाली असेल, तर तो वेगळा आजार आहे. हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. तिथे म्हणी नकोत, अंगारा नको. तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आपला त्रास यातला कोणता हे कळत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

सात-आठ महिन्यांनी तिचा फोन आला, बाळाच्या वाढदिवसाचं आमंत्रण द्यायला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"विचार येतो का अजून?" मी विचारलं.

"परवा आला. पण डाळ उतू चालली होती, म्हणून उठले."

सासूबाईंनी आडाचं मुलाला अजून सांगितलेलं नाही, हेही तिने हळूच सांगितलं. जाऊबाई वाढदिवसाला येणार होत्या.