पहिली गाडी ३५० की ३९०? आधी ती कोणाच्या नावावर घेतोयस ते ठरव

तू कळव्याचा, वय १९, पक्कं लायसन्स गेल्याच महिन्यात हातात आलंय. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी की केटीएमची ड्यूक ३९०, युरोपात नव्या चालकांना ताकदीची मर्यादा असते तशी आपल्याकडे आहे का, आणि गाडी बाबांच्या नावावर घेतली तर विम्यात काही अडतं का, असं विचारलंयस.

मर्यादा नाही. सोळा पूर्ण झाली की ५० सीसीपर्यंतची गाडी आणि अठरा पूर्ण झाली की कुठलीही दुचाकी, एवढंच आपला कायदा सांगतो. टेस्टला तू बहुतेक कोणाची तरी १०० सीसीची गाडी नेली असशील. त्याच गिअरच्या लायसन्सवर उद्या १३४० सीसीची हायाबुसा चालवलीस तरी कायदेशीर आहे. युरोपात तुझ्या वयाला ए-टू लायसन्स मिळतं, ३५ किलोवॅटपर्यंतचं, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. ड्यूक त्यात बसते. पण त्या लायसन्सची परीक्षाच निदान २० किलोवॅटच्या गाडीवर द्यावी लागते. क्लासिक तर त्या परीक्षेलासुद्धा चालणार नाही, इतकी ती मवाळ आहे. दमदार गाडी आवरता येते का, हे तिथे आधी कोणीतरी तपासतं. आपल्याकडे ते तुझं तुलाच करायचंय.

विम्यालाही ताकद दिसत नाही, सीसी दिसते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता ठरवताना चालवणाऱ्याचं वयही बघत नाहीत. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, कर वेगळा. क्लासिक ३४९ सीसीची म्हणून खालच्या गटात, ड्यूक ३९९ ची म्हणून वरच्या. क्लासिक १९५ किलोची आणि ताकद २० हॉर्सपॉवर, ड्यूक १६८ किलोच्या आसपास आणि ताकद ४५ च्या घरात. हप्ता दुप्पट आहे म्हणून ड्यूक सोडू नकोस. हलक्या गाडीत दुपटीहून जास्त ताकद आहे, म्हणून विचार कर.

आता बाबांच्या नावाचं. इथेच बहुतेक घरं फसतात. पॉलिसीत जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो, म्हणजे आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) ज्याच्या नावावर आणि लायसन्स ज्याच्याकडे, त्याचा. गाडी बाबांची आणि चालवणारा तू, तर त्या १५ लाखांत तू नाहीसच. माझ्या भाच्याचं असंच होतं, गाडी त्याच्या बाबांच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या नावावर. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर, पहिल्या पावसात, वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. गाडीच्या खर्चाचे पैसे आले, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापून. त्याच्या हातासाठी त्या पॉलिसीतून एक रुपया आला नाही, आणि नियमाप्रमाणे यायचाही नव्हता: तो अपघात विमा मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठीच असतो, आणि तसं काही झालं असतं तरी गाडी त्याच्या नावावर नसल्याने तो त्यात नव्हताच. मेहुण्याला हे माहीतच नव्हतं, मलाही तेव्हा नीट नव्हतं. ते अजून टोचतं.

म्हणून गाडी तुझ्याच नावावर घे. नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मग तुझ्या नावावर साठेल. कर्जासाठी बाबांचंच नाव लागत असेल, तर तुझ्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढ आणि तो दुचाकी चालवताना लागू आहे ना, हे वाचून घे. शोरूमवाला सही कुठे करायची तेवढंच दाखवतो, हे तो सांगत नाही.

आणि मित्राला 'एक राउंड' देताना त्याचं गिअरचं लायसन्स डोळ्यांनी बघ. ते नसताना त्याने कोणाला उडवलं, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. मालक बाबा असतील तर बाबांकडून.

गाडीबद्दल माझं मत : पहिला पावसाळा क्लासिकवर किंवा एखाद्या १५०-१६० सीसीच्या गाडीवर काढ. घोडबंदर रोडला पाण्याखाली खड्डा असतो आणि शेजारून कंटेनर जात असतो, तिथे ४५ हॉर्सपॉवरचा उपयोग नाही, ब्रेकवरच्या बोटांचा आहे. ड्यूकच घ्यायची ठरलीच असेल, तर दिवाळीनंतर घे, रस्ते कोरडे असताना, आणि पहिले काही रविवार पहाटे रिकाम्या रस्त्यावर फक्त ब्रेकचा सराव कर. पाटलीपाड्याच्या बाजूला येणार असशील तर कळव, मी सोबत येतो.