मोनो झालाय, काढा देऊ का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी मोनोबद्दलचेच प्रश्न घेतलेत. मोनो म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस, एपस्टाईन-बार व्हायरसमुळे येणारा ताप, घसा प्रचंड दुखतो, मानेत गाठी येतात आणि थकवा तर असा की बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी माणूस आडवा होतो. व्हायरस मारणारं खास औषध यावर नाही, त्यामुळे झोप, खाणं, पाणी यालाच खरं महत्त्व.

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची, पुण्यात हॉस्टेलला असते. दहा दिवस ताप, डेंग्यू टायफॉइड निगेटिव्ह, शेवटी मोनो निघाला. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलंय. सासूबाई गुळवेलीचा काढा द्या म्हणतायत, मी अश्वगंधाच्या गोळ्या पण आणल्यात. चालेल ना?

ताई, दोन्ही नको, निदान आत्ता तरी. मोनोत बऱ्याच जणांचं लिव्हर थोडं सुजतं, एसजीपीटी वाढलंय ते त्यामुळेच, आणि काही आठवड्यात ते आपोआप खाली येतं. पण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं (आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, वाद झाला), अश्वगंधाच्या बाबतीतही तशा केसेस आहेत. सगळ्यांना होतं असं मुळीच नाही, पण आधीच सुजलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला करायचा? हळदीचं दूध चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. पॅरासिटामॉल सुद्धा डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

सासूबाईंना मात्र नाही म्हणून गप्प बसवू नका, त्यांना पेजेचं काम द्या. तांदूळ जरासे भाजून, भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवून, मीठ आणि चमचाभर तूप, कोमट झाली की वाटीवाटीने दर दोन तासांनी. टॉन्सिलवर पांढरा थर आला की पाण्याचा घोट सुद्धा काट्यासारखा टोचतो, तेव्हा पोळी-भाजी खा म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही. मुगाचं पातळ वरण, नाचणीची आंबील, शहाळं, आंबट नसलेलं ताक हे सगळं चालतं. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. लंघन अजिबात नको. आणि थुंकी सुद्धा गिळता येत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : घसा दुखत होता म्हणून घरात पडलेली अमॉक्सिसिलिन घेतली, अंगभर लाल पुरळ उठलं. आता आयुष्यभर ॲलर्जी का?

बहुतेक नाही. मोनोत अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन घेतलं की असं पुरळ येऊ शकतं, ती कायमची ॲलर्जी असेलच असं नसतं. गोळी बंद करून डॉक्टरांना पुरळ दाखवा, म्हणजे ॲलर्जीचा शिक्का तेच नीट तपासून ठरवतील. आणि मोनोवर अँटिबायोटिक चालत नाही, उरलेली पाकिटं घरात ठेवूच नका.

प्रश्न : कबड्डी खेळतो, ताप जाऊन आठवडा झाला. सूर्यनमस्कार आणि कपालभाती सुरू करू का? आई पोटाला तेल लावून चोळून देते.

भाऊ, थांब. मोनोत प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची स्प्लीन, सुजते आणि नाजूक होते. फुटण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण फुटली तर जिवावर बेतू शकतं, आणि बहुतेक वेळा हे आजार सुरू झाल्यापासून पहिल्या 3-4 आठवड्यातच होतं, म्हणजे नेमकं ताप गेलाय आणि आता बरं वाटतंय असं वाटतं तेव्हा. कबड्डीत तर समोरचा थेट कमरेलाच मिठी मारतो! कमीत कमी चार आठवडे खेळ, जिम, वजन उचलणं बंद, आणि कबड्डीसाठी डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय मैदानात उतरू नको. कपालभातीत पोटाला झटके बसतात, तेही नको, सूर्यनमस्कारही थांबव. शांत पडून दीर्घ श्वास, अनुलोम-विलोम चालेल. आईंना सांग पाय चोळून द्या, डोक्याला तेल लावा, पोटाला हात लावू नका. डाव्या बाजूला वर अचानक कळ आली, डावा खांदा दुखायला लागला, चक्कर आली तर एक मिनिट सुद्धा वाट बघायची नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, मुलगा कॉलेजला. इथे याला किसिंग डिसीज म्हणतात, त्याला काय विचारावं कळत नाही.

काही विचारू नका. लाळेतून पसरतो, त्याला एकच पाण्याची बाटली, एकच चमचा सुद्धा पुरतो, आणि लक्षणं 4 ते 6 आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे कुठून आला ते शोधून सापडतही नाही. भारतात बहुतेकांना हा व्हायरस लहानपणीच गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो, तिकडे बऱ्याच मुलांना तो कॉलेजच्या वयात भेटतो म्हणून त्रास जास्त. त्याला आत्ता चौकशी नको, फोनवर तुमचा नेहमीचा आवाज हवाय.

प्रश्न : तीन महिने झाले, थकवा जात नाही. ऑफिसमधे सगळ्यांना वाटतं मी नाटक करतेय.

तुम्ही नाटक करत नाही आहात. बरेच जण महिन्याभरात सावरतात पण काहींना सहा महिने सुद्धा लागतात. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12, व्हिटॅमिन डी, शुगर आणि लिव्हर तपासून घ्या, कारण दरवेळी दोष मोनोचाच नसतो. इम्युनिटी बूस्टरवर पैसे घालवू नका, मोनोत त्रास होतो त्यातला बराचसा आपल्याच इम्युनिटीच्या धडपडीमुळे होतो, तिला अजून काय बूस्ट करणार.

दुसरं म्हणजे वही. माझ्या एक पेशंट, शिक्षिका, रोज लिहायच्या काय केलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. दोन आठवड्यात दिसलं की रविवारी बरं वाटतं म्हणून त्या आठवड्याची सगळी कामं उरकतात, आणि सोमवार-मंगळवार अंथरुणात. मग कामं अर्धी करून दोन दिवसात वाटली, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. चालणं दहा मिनिटांपासून, दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही तरच वाढवायचं, झाला तर कमी करायचं. बरं वाटतंय त्याच दिवशी हात आखडायचा, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. ऑफिससाठी डॉक्टरांकडून लेखी घ्या की काही आठवडे कामाचे तास कमी हवेत. मन फार खचत असेल, रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, थकव्याइतकंच तेही आजारातलंच असतं.