गिटारचे सातही मोड पाठ आहेत, तरी हात एकाच बॉक्समध्ये अडकतो. नेकभर ते जोडायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं क्लास झाला, सातही मोडचे (तेच सात स्वर, पण दर वेळी वेगळ्या स्वराला सा मानून होणारे, आयोनियन, डोरियन वगैरे नावांचे संच) पॅटर्न डोळे मिटून वाजतात, पण सोलो घ्यायची वेळ आली की हात नेकच्या (दांड्याच्या) पाचव्या फ्रेटवरच्या, म्हणजे पाचव्या घरातल्या, ए मायनर पेंटाटॉनिकच्या पाच स्वरांच्या बॉक्समध्ये जाऊन बसतो. आणि शेवटी जाता जाता म्हणता, "डोरियन वाजवतोय असं वाटतं, पण ऐकू येतं मेजरच." खरं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

माझंही नेमकं हेच झालं होतं. मी नाशिकचा, सातपूरला नोकरी, गिटार संध्याकाळची. कॉलेजात असताना एका क्लासमध्ये झेरॉक्सचा कागद मिळाला: जी मेजर, आयोनियन तिसऱ्या फ्रेटवर, डोरियन पाचव्या, फ्रिजियन सातव्या, लिडियन आठव्या, असं करत वर. मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं. वर्षभर. मग एकदा पंचवटीत मित्राच्या वाड्यात गिटार घेऊन बसलो होतो. तिथे शनिवारी भजनी मंडळ बसतं, आणि त्यांचे पेटीवाले काका लवकर येऊन चहा पीत होते. मी ऐटीत त्यांना सात मोड एकापाठोपाठ एक ऐकवले. काका म्हणाले, "छान. पण हे एकच सात वेळा वाजवलंस की. सा कुठाय तुझा?"

मी म्हटलं, काका, प्रत्येकाचा वेगळा आहे. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात असेल. कानाला कुठाय?"

मग त्यांनी पेटी पुढे ओढली. मला मंद्रातली पांढरी एक दाबून धरायला सांगितली आणि स्वतः नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर गेले. बिलावल. मग मला पांढरी दोन धरायला लावली, पट्ट्या त्याच, फक्त निघायचं दोनपासून. काफी. तीन धरली, भैरवी. चार, कल्याण. पाच, खमाज. सहा, आसावरी. सातवर आल्यावर म्हणाले, "ह्याला पंचमच नाही. सोड." एकही काळी पट्टी न लावता सहा थाट, म्हणजे सात स्वरांचे सहा संच, झाले. माझ्या कागदावरची ग्रीक नावं म्हणजे हेच: आयोनियन बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. उरलेल्या लोक्रियनमध्ये दोन्ही मध्यम येतात आणि पंचम गायब, त्यामुळे रागांची थाटांत वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही. (नाशिक खरं तर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं; त्यांनी उत्तरायुष्यात इथे आश्रम काढला. पण थाट मोजायची वेळ आली की आम्हीही भातखंड्यांकडेच जातो.)

एक सावधगिरी. थाट म्हणजे राग नव्हे. डोरियनचे स्वर वर-खाली केले म्हणजे राग काफी झाला असं कोणासमोर म्हणू नका. बागेश्री आणि भीमपलास हे दोन्ही काफी थाटातलेच, पण एकाचा दुसऱ्याशी घोटाळा होत नाही. आपल्याला इथे फक्त स्वरांचा संच हवाय.

तर मुद्दा असा: मोड फ्रेटवर नसतो. पाचव्या फ्रेटवर सुरू केलं म्हणून डोरियन होत नाही. मागे जी मेजरचा बॅकिंग ट्रॅक चालू असेल तर तुम्ही पाचव्यावर वाजवा नाहीतर बाराव्यावर, कानाला जी मेजरच लागणार, कारण सा त्या ट्रॅकने ठरवलाय. जुन्या नाशिकात सगळ्या गल्ल्या पाठ असून भागत नाही, मधला रविवार कारंजाचा चौक कुठल्या अंगाला आहे ते माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर तुम्ही चालताय खरे, पण कुठूनही कुठेही.

म्हणून पहिले पंधरा दिवस पॅटर्न बंद. गिटारमध्येच तंबोरा आहे, तो वापरा. पाचवी तार (सगळ्यात जाड ती सहावी, सगळ्यात बारीक ती पहिली) मोकळी म्हणजे ए, चौथी मोकळी म्हणजे डी. डीला सा माना, पांढरी दोन. मग पाचवी तार झाली मंद्र पंचम. या दोन मोकळ्या तारा अंगठ्याने छेडत राहा आणि गाणं फक्त दुसऱ्या तारेवर वाजवा. तिथे सा तिसऱ्या फ्रेटवर आहे, वरचा सा पंधराव्यावर. ॲप लावलंत तरी चालेल, पण स्वतः छेडलेला सा जास्त पक्का बसतो असा माझा अनुभव.

आता कल्याणपासून सुरू करा: ३, ५, ७, ९, १०, १२, १४, १५. हे सावकाश, दहा-वीस वेळा. मग फक्त मध्यम उतरवा, ९ ऐवजी ८. बिलावल झाला. मग निषाद, १४ ऐवजी १३: खमाज. मग गंधार, ७ ऐवजी ६: काफी. मग धैवत, १२ ऐवजी ११: आसावरी. मग रिषभ, ५ ऐवजी ४: भैरवी. दर वेळी एकच बोट एक फ्रेट मागे येतं आणि खोलीतला उजेड थोडा कमी होतो. शेवटी पंचमही १० वरून ९ वर ओढलात तर लोक्रियन. पण मागे पाचवी तार पंचमच गात असते, त्यामुळे तो फार टोचतो. मी तो वाजवतच नाही, खोटं कशाला सांगू.

कागदावर हे सात मोड आयोनियन, डोरियन, फ्रिजियन अशा क्रमाने येतात, त्यामुळे शेजारशेजारचे दोन एकदम परके वाटतात. वरच्या क्रमाने घेतलेत तर कोणत्याही दोन शेजाऱ्यांत एकाच स्वराचा फरक राहतो. खमाज आणि काफी यांत फक्त गंधार. काफी आणि आसावरी यांत फक्त धैवत. हे एकदा कानात बसलं की "डोरियन वाजवतोय पण मेजर ऐकू येतं" ही तक्रार आपोआप जाते, कारण काफीचा कोमल गंधार आणि त्यावरचा शुद्ध धैवत तुम्ही मुद्दाम लावायला लागता. एक गंमत: फ्रेटवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. कान तयार झाला की कल्याणात तो खटकेल. गिटार बिघडली म्हणून दुकानात नेऊ नका. मी नेली होती.

आता नेक. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला कोणी शिकवलं नाही आणि त्यात माझे बरेच महिने गेले.

प्रत्येक तारेवर तीन स्वर घ्यायचे असं ठरवलं तर बोटांच्या रचना तीनच होतात. पहिली लांब: दोन्ही वेळा एकेक फ्रेट सोडून, उदाहरणार्थ ३, ५, ७. दुसरीला मी मागची जोडी म्हणतो: पहिले दोन स्वर चिकटून आणि तिसरा सोडून, ४, ५, ७. तिसरी पुढची जोडी: पहिला सोडून आणि मग दोन चिकटून, ५, ७, ८. एवढंच. चौथी रचना नाही.

आणि जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना या रचना एका ठरावीक क्रमाने येतात: लांब, लांब, लांब, मागची, मागची, पुढची, पुढची. मग पुन्हा लांब. सात मण्यांची माळ आहे ही. गिटारला तारा सहा, म्हणून एका वेळी माळेतले सहाच मणी दिसतात. तुमच्या कागदावरचे सात पॅटर्न म्हणजे ही एकच माळ, दर वेळी वेगळ्या मण्यापासून धरलेली. सात पाठांतरं नाहीत, एकच आहे.

हात कधी सरकवायचा त्याचे दोन नियम. तिसरा लांब संपला की पुढच्या तारेवर एक फ्रेट पुढे. आणि तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना नेहमी एक फ्रेट पुढे, कारण बाकी सगळ्या शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर आहे आणि या दोघींत चारच. दोन्ही एकदम आले तर दोन फ्रेट. बाकी सगळीकडे हात जिथल्या तिथे.

काकांच्या पांढऱ्या पट्ट्या घेऊन बघू. सहावी तार ३, ५, ७. पाचवी ३, ५, ७. चौथी ३, ५, ७. तीन लांब संपले, म्हणून तिसरी तार ४, ५, ७. दुसऱ्या तारेचा नियम लागला, ५, ६, ८. पहिली ५, ७, ८. यात डी हा सा धरला की काफी. सा पाचव्या तारेच्या ५ वर आणि तिसऱ्या तारेच्या ७ वर आहे. तिथे जाऊन थांबायचं, तिथून निघायचं. माझा क्लासचा कागद याला मिक्सोलिडियन म्हणायचा, केवळ सुरुवात जीवर आहे म्हणून. आता तुम्हाला कळेल की ते नाव इथे किती बिनकामाचं आहे.

आता जोडणं. कोणत्याही तारेवर एक मणी संपला की पुढचा मणी घ्यायला दोन जागा असतात: पुढची तार, किंवा तीच तार आणखी वर. स्वर तेच. वरच्या उदाहरणात चौथ्या तारेवर ३, ५, ७ वाजवून झाल्यावर पुढचा मणी तिसऱ्या तारेवर ४, ५, ७ असा घेतला. त्याऐवजी शेवटचं बोट ७ वरून ९ वर घसरवा आणि तोच मणी चौथ्याच तारेवर ९, १०, १२ असा घ्या. मग तिसरी ९, १०, १२. दुसरी १०, १२, १३. पहिली १०, १२, १३. तिसऱ्या फ्रेटवरून निघालेला हात तेराव्यावर पोचला, मध्ये काही नवीन पाठ केलं नाही. आणि पहिल्या तारेच्या १० वर सा वाट बघत बसलेला आहे.

ही घसरण रोज वेगळ्या तारेवर करा. आज पाचवीवर, उद्या तिसरीवर. एका बैठकीत एकच जागा. सुरुवातीला चुकाल ते बहुतेक दुसऱ्या तारेपाशी चुकाल, सगळेच तिथे चुकतात. वेग वाढवायची घाई नको. मी मेट्रोनोम साठवर ठेवून, एका ठोक्याला एक स्वर, असं बरेच आठवडे वाजवलं, आणि घरच्यांनी ते सहन केलं.

डी सा असताना नेकवरचे पंधराव्या फ्रेटपर्यंतचे सगळे सा मात्र पाठ करा, हे एक पाठांतर टाळता येत नाही. सहावी १०, पाचवी ५, चौथी मोकळी आणि १२, तिसरी ७, दुसरी ३ आणि १५, पहिली १०. बाकीचे स्वर माळ देते, सा माळ देत नाही. कोणत्याही गाण्याला बसायच्या आधी मी नुसते सा वाजवत नेकभर फिरून येतो.

राहिला तुमचा पाचव्या फ्रेटचा बॉक्स. तो टाकू नका, त्यात अर्धं काम झालेलं आहे. ए सा धरला तर पेंटाटॉनिकमध्ये सा, कोमल ग, म, प, कोमल नि आहेत. राहिले रे आणि ध. शुद्ध रे घाला. मग ध दुसऱ्या तारेच्या ७ वर घेतलात तर काफी, ६ वर घेतलात तर आसावरी. तुमच्या त्याच ओळखीच्या घरात एक खिडकी उघडल्यासारखं होतं. मागे ए मायनर ते डी मेजर असा ट्रॅक लावलात तर ७ वरचा ध गोड लागेल. ए मायनर ते एफ मेजर लावलात तर तोच बोचेल आणि ६ चा हवा वाटेल. हा फरक मला वाचून नाही, वाजवूनच कळला.

"किती महिने लागतील?" असंही विचारलंत. मला एका तारेचा अभ्यास पुरा व्हायला दीड-दोन महिने, माळ हातात बसायला आणखी पाच-सहा. नोकरी सांभाळून, रोजचा अर्धा-पाऊण तास.

त्यानंतर एका शनिवारी मी परत वाड्यात गेलो. काकांनी न विचारता पांढरी दोन दाबून धरली. मी तिसऱ्या फ्रेटवरून निघालो, चौथ्या तारेवर घसरलो आणि पहिल्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर येऊन थांबलो. काकांनी पट्टी सोडली, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "हं. आता जरा लयीकडे बघ."