ॲल्युमिनाच्या गोळ्यांसाठी मर्क्युरी पोरोसिमेट्रीची सेटिंग काय ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की नमुना गॅमा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सच्छिद्र रूप) गोळ्यांचा आहे, मशीन ६०,००० पीएसआय (दाबाचं एकक) पर्यंत जातं, आणि डिफॉल्ट सेटिंगवर रन घेतला तर चालेल का. महाप्याच्या एमआयडीसीत माझं रोजचं काम हेच: दाबाने पारा छिद्रांत घुसवून त्यांचा आकार आणि घनफळ मोजायचं. स्पर्शकोन (पारा नमुन्याच्या पृष्ठभागाला टेकतो तो कोन) आणि पृष्ठताण डिफॉल्ट राहू द्या, प्रेशर टेबल, म्हणजे कोणकोणत्या दाबाला मोजायचं त्याची यादी, मात्र स्वतः बनवा.

दाबावरून छिद्राचा व्यास काढणाऱ्या वॉशबर्नच्या १९२१च्या समीकरणात कोन १३० अंश आणि पृष्ठताण ०.४८५ न्यूटन प्रति मीटर धरला, तर १० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रात पारा शिरायला साधारण १८,००० पीएसआय लागतात. ६०,०००ला ३ नॅनोमीटर. गॅमा ॲल्युमिनाची बरीचशी छिद्रं याच पट्ट्यात असतात. तिथे मोजके चार-पाच पॉइंट असतील, तर शिखर टोकदार आहे की पसरट हे कळणारच नाही. आधी एक झटपट रन घ्या, आलेख कुठे चढतो ते बघा आणि पॉइंट तिथे दाटीने टाका. कमी दाबाला थोडके पुरतात. तिथे दिसणारा चढ बहुतेक गोळ्यांमधल्या फटींचा असतो, तो छिद्रांच्या घनफळात धरू नका.

प्रत्येक पॉइंटवर थांबायचा वेळ सहसा १० सेकंद ठेवतात. तो पुरतो का, हे तपासायची साधी रीत: त्याच लॉटचे दोन नमुने, एक १० सेकंदांवर, दुसरा ३० वर. आलेख सरकला तर १० कमी पडतायत.

नमुन्याचं वजनही अंदाजाने घेऊ नका. छिद्रांचं घनफळ ग्रॅममागे ०.५ मिली असेल आणि पेनेट्रोमीटरच्या (नमुना ठेवायच्या भांड्याच्या) स्टेममध्ये, म्हणजे बारीक नळीत, ०.४ मिली पारा मावत असेल, तर अर्धा ग्रॅम नमुना घ्या, म्हणजे स्टेमचा ६० टक्क्यांच्या वर भाग वापरला जातो. २५ ते ९० टक्क्यांच्या मध्ये राहायला हवं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तर सुकवणीकडे खास लक्ष द्या. ओव्हनमधून काढलेली ॲल्युमिना उघड्यावर ठेवली की हवेतली ओल ओढून घेते, मग पारा भरण्याआधी व्हॅक्यूम खाली यायला तास-तास जातो. डेसिकेटरमध्ये गार करा, वजन करून लगेच भरा. एकदा पारा शिरलेला नमुना मात्र कधीच ओव्हनमध्ये घालू नका. वाफ सगळ्या लॅबभर पसरते. तो झाकणाच्या बाटलीत, धोकादायक कचऱ्यात.

सप्लायरच्या रिपोर्टशी तुलना करणार असाल तर त्यांचा कोन आधी विचारा. १३०च्या जागी १४० धरला की तोच व्यास जवळपास १९ टक्क्यांनी मोठा दिसतो, आणि विनाकारण लॉट नापास होतो. टेबल बदललंत तर ब्लँक रनही (नमुन्याशिवाय घेतलेला) त्याच टेबलवर नव्याने घ्या, जुनं करेक्शन त्याला लागू होत नाही.