निवृत्तीनंतर पुणं सोडायचंय: गोवा, सिंधुदुर्ग की बेळगाव? कुठे स्वस्त पडेल?

बेळगाव. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका.

स्वस्ताईचं म्हणाल तर मासळी, वीज, कामवाली यांच्या दरांवरून घर ठरवू नये. आमच्या घरात एक जण कायम 'गोव्यात पेट्रोल स्वस्त' म्हणून गोव्याची बाजू घेतो. पासष्टीनंतर गाडी चालते किती? पेन्शनचाही प्रश्न नाही. हयातीचा दाखला कुठूनही देता येतो आणि ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन घेणाऱ्यांना, १ जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून पैसे मिळतात.

खरी मेख कागदांत आहे. पुण्याचा माणूस गोव्यातला एक-चौदाचा उतारा (तिथला जमिनीचा नोंद-कागद) सातबारासारखा वाचतो आणि तिथेच फसतो. उताऱ्यावर एकच नाव दिसलं म्हणजे मालक एकच, असं नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट तिथे अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची. म्हणजे खरेदीखतावर दोघांच्या सह्या हव्यात. मूळ मालक वारला असेल तर मुलगे, मुली, सुना, जावई सगळे आले, आणि त्यातला एखादा हमखास लिस्बनला किंवा लंडनला असतो. त्याचं मुखत्यारपत्र येईपर्यंत विसार देऊ नका. 'सगळे राजी आहेत' असं एजंट म्हणाला, तर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून होणारी वारसांची वाटणी, झाली आहे का ते विचारा. झाली असेल तर त्या आदेशाची प्रत मागा.

मग उताऱ्यावरचे क्षेत्राचे रकाने बघा: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. 'तरी'खाली आकडा असेल तर ती भातशेती. २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. कुळाचा रकाना कोरा असला तरी जागेवर जाऊन बघा, कोपऱ्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, त्याला कायद्याचं संरक्षण असतं) घर असू शकतं. बांधायचं असेल तर सनद, म्हणजे जमीन बिनशेती झाल्याचा सरकारी कागद, हवी. 'करून देतो' हे चालणार नाही, हातात हवी.

सिंधुदुर्गात भाषा आपली, पण सातबारावर सामाईक वीस-वीस नावं. तुमच्या नावावर शेती नसेल तर गावठाणातलं किंवा बिनशेती झालेलंच बघा. आंबोली-चौकुळच्या धुक्यावर भाळू नका, तिथे कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा, गुंता आहे. दोडामार्ग म्हणजे 'स्वस्तातला गोवा' म्हणतात. तिथल्या तिलारी खोऱ्यात हत्ती माड पाडतात, हे कोणी सांगत नाही. आणि आजार मोठा झाला की रुग्णवाहिका गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडेच धावते. तिथे २०१८ पासून परराज्यातल्यांना शुल्क आहे. गोव्यात घर घेऊन राहिलात तरी गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेचे पाच लाख आहेत, पण त्या राज्यात ते चालतात का आणि रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा.

बेळगावात केएलईचं मोठं रुग्णालय गावातच आहे. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळे कोकणासारखी कपाटातल्या साड्यांना बुरशी धरत नाही. मराठी सगळीकडे चालते. कागद मात्र कन्नडमध्ये, म्हणून वाचणारा आपला माणूस हवा, विकणाऱ्याचा नव्हे. पंचायत हद्दीतलं घर असेल तर ई-स्वत्तूचे (कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींची ऑनलाइन मालमत्ता नोंद) नमुना ९ आणि ११-अ मागा. नुसता ११-ब, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा नमुना, दाखवत असतील तर उठून या, बँकही त्यावर कर्ज द्यायला कां-कूं करते.

एक राहिलं. राज्य बदललं की बारा महिन्यांत गाडीची नोंदणीही बदलावी लागते. आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी, मग कर्नाटकचा कर. पुण्यातल्या उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज आपणच करायचा, तो आपोआप येत नाही. एसटीत पासष्टीनंतर अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर फुकट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच.

आणि समुद्र हवाच असेल तर गोव्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. त्यासाठी लंडनच्या जावयाची सही लागत नाही.