वेगळी चूल, सामाईक विहीर: ब्रेक्झिटवरचे तुमचे प्रश्न

गेल्या खेपेला पासवर्डवर लिहिताना ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडण्याचा, एक दाखला दिला होता. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा रकाना त्यांनाच देतो. तारखांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: सार्वमत २३ जून २०१६ ला झालं, ब्रिटन युरोपियन युनियनमधून ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला, पण वर्षअखेरपर्यंत जुनीच व्यवस्था चालू राहिली. खरी तोडातोड ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीची.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. युनियन सोडल्यावर ब्रिटनच्या पोलिसांना युरोपातल्या फरारी गुन्हेगारांची माहिती मिळायची बंद झाली, असं मुलगा म्हणतो. खरं का? (कोल्हापूर)

बंद नाही झाली, उशिरा मिळायला लागली. आणि नाकाबंदीला उभ्या असलेल्या शिपायासाठी उशीर म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार!

युरोपात एसआयएस नावाची एक सामाईक नोंदवही आहे. हवा असलेला माणूस, हरवलेलं मूल, चोरीची गाडी, रद्द झालेला पासपोर्ट, सगळं त्यात. ब्रिटन पासपोर्टमुक्त शेंगेन भागात कधीच नव्हता, तरी २०१५ पासून त्याला ही वही उघडी होती. तिथल्या पोलिसांचा स्वतःचा संगणक तिला असा जोडला होता की गाडीचा नंबर घातला की दोन्हीकडे एकदम शोध व्हायचा. २०१९ या एका वर्षात ब्रिटनकडून ५० कोटींहून जास्त वेळा ही वही चाळली गेली. ३१ डिसेंबर २०२० च्या त्या रात्री ती मिटली.

आता भिस्त इंटरपोलवर. तिथे अडचण यंत्राची नाही, माणसाची आहे. रात्रपाळीला बसलेल्या एखाद्या पोलिश हवालदाराने एसआयएसमध्ये नोंद केली की तीसेक देशांपुरतं त्याचं काम झालं. तीच माहिती केवळ ब्रिटनला दिसावी म्हणून पुन्हा इंटरपोलच्या फॉर्मात कोण भरणार? आपल्या पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणकजाळ्यात एकच एफआयआर दोनदा भरायला सांगितली असती तर तुमच्या ठाणे अंमलदाराने काय केलं असतं, ते आठवा.

डीएनए, बोटांचे ठसे, विमानप्रवाशांच्या याद्या यांची देवाणघेवाण मात्र नव्या करारात वाचली. युरोपियन अटक वॉरंट गेलं आणि त्याच्या जागी तसंच पण ढिलं काहीतरी आलं. जर्मनीच्या राज्यघटनेचं कलम १६ स्वतःचा नागरिक फक्त युनियनमधल्या देशांच्या किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्याच हवाली करू देतं. फ्रान्स आणि पोलंडनेही आपले नागरिक देणार नाही असं कळवलं. म्हणजे लंडनमध्ये गुन्हा करून मायदेशी बर्लिन गाठलेल्या जर्मनाला ब्रिटनच्या कोर्टापुढे आणणं संपल्यात जमा. हेगच्या युरोपोलमध्ये, म्हणजे युनियनच्या पोलीस संस्थेत, २०१८ पर्यंत सर रॉब वेनराइट हा ब्रिटिश माणूस प्रमुख होता. आज ब्रिटनचे अधिकारी तिथे बसतात, पण पाहुणे म्हणून.

ब्रिटनला गॅलिलिओ उपग्रहांतून काढलं, म्हणजे तिथल्या फोनवर नकाशा चालत नाही का? आणि भारती समूहाबरोबर उपग्रह कंपनी घेतली ती स्वतःचा जीपीएस करायलाच ना? (नाशिक)

फोन चालतो. गॅलिलिओ म्हणजे युरोपचा जीपीएस. त्याचा साधा सिग्नल सगळ्या जगाला फुकट आहे, तुमच्या खिशातला फोनही बहुधा तो घेतोच. ब्रिटनने गमावला तो पीआरएस नावाचा कुलूपबंद सिग्नल. युद्धात किंवा संकटात बाकीचे सिग्नल जॅम केले तरी सैन्याला आणि पोलिसांना टिकाव धरता यावा म्हणून तो ठेवलाय. युनियनबाहेरच्या देशाला त्याची चावी हवी असेल तर आधी वेगळा सुरक्षा करार हवा, हा नियम २०११ चा. तो झाला तेव्हा ब्रिटन टेबलाच्या आतल्या बाजूला बसला होता!

मला खरी हळहळ गिल्डफर्डची वाटते. गॅलिलिओचा पहिला चाचणी उपग्रह २८ डिसेंबर २००५ ला उडाला तो या गावातल्या सरे सॅटेलाइट कंपनीने बांधलेला. पुढे प्रत्यक्ष सेवेतल्या उपग्रहांची वेळ सांगणारी, सिग्नल तयार करणारी यंत्रणाही वर्षानुवर्षं तिथेच जुळवली गेली. ज्यांनी घड्याळ बांधलं त्यांच्याच देशाला त्याची किल्ली नाही. सुरक्षा देखरेखीचं राखीव केंद्र इंग्लंडमधल्या स्वॉनिकहून स्पेनला हललं. ‘आपला आपण करू’ म्हणून ब्रिटनने २०१८ मध्ये ९.२ कोटी पौंड अभ्यासाला काढले आणि २०२० मध्ये तो बेत गुंडाळला.

आता वनवेब. २०२० च्या जुलैत ब्रिटिश सरकार आणि भारती यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ही दिवाळखोर कंपनी उचलली. तिचे उपग्रह साधारण १,२०० किलोमीटरवर फिरतात आणि ते इंटरनेटसाठी आहेत. गॅलिलिओचे २३,००० किलोमीटरच्याही वर. बैलगाडी चांगली असली तरी तिने होडीचं काम होत नाही. आपला फायदा मात्र झाला: वनवेबचे ७२ उपग्रह इस्रोने २०२२ आणि २०२३ मध्ये दोन खेपांत श्रीहरिकोट्याहून सोडले.

एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. आपल्याकडे विमानांना उतरताना अचूक उंची-दिशा देणारी ‘गगन’ यंत्रणा आहे, तशी युरोपची ‘एग्नॉस’. २५ जून २०२१ ला ब्रिटनच्या विमानांसाठी तिची जीवरक्षक सेवा थांबली. हीथ्रोला काही फरक पडला नाही, तिथे जमिनीवर महागडी उपकरणं आहेत. फटका बसला तो धुक्यातल्या लँड्स एंडसारख्या चिमुकल्या धावपट्ट्यांना.

ब्रेक्झिट करारात म्हणे नेटस्केपचा उल्लेख आहे. थापच ना? (ठाणे, संगणकशास्त्राची विद्यार्थिनी)

थाप नाही. डिसेंबर २०२० च्या करारात, डीएनए माहिती ईमेलने सुरक्षित कशी पाठवायची या परिशिष्टात, ‘आधुनिक’ ईमेल सॉफ्टवेअर म्हणून आउटलुक आणि मोझिला मेलच्या पंक्तीला नेटस्केप कम्युनिकेटर ४ बसवलंय. १९९७ चं! शिवाय संदेश कुलूपबंद करायला तोकडी १०२४ बिटांची आरएसए किल्ली आणि फायलीचा ओळखठसा काढायला एसएचए-१ ही जुनी पद्धत. त्या एसएचए-१ मध्ये दोन वेगळ्या फायलींचा ठसा एकच काढून दाखवण्याचा पराक्रम २०१७ मध्येच झाला होता.

हा मजकूर युनियनच्या २००८ च्या निर्णयातून जसाच्या तसा उचललेला. आमच्या गावच्या दस्तलेखकाने जुन्या खरेदीखताची नक्कल करताना चतुःसीमेत ‘पूर्वेस चिंचेचे झाड’ तसंच ठेवलं होतं, चिंच तोडून वीस वर्षं झाली तरी. प्रत्यक्षात कुणी नेटस्केप वापरत नाही, त्यामुळे घाबरू नकोस. पण १,२०० पानांचा करार नाताळाच्या आदल्या दिवशी मिटवला की असंच होणार.

आमची छोटी आयटी कंपनी. एक ग्राहक लंडनचा, एक फ्रँकफर्टचा. आम्हाला काय फरक? (पुणे)

कागद दुप्पट. पूर्वी जीडीपीआर हा माहितीसंरक्षणाचा कायदा एक आणि कराराची ठरावीक कलमंही एक. आता लंडनचा डेटा पुण्यात आणायला ब्रिटनचा आयडीटीए हा वेगळा करार लागतो, किंवा युरोपीय कलमांना ब्रिटिश पुरवणी जोडावी लागते. हे मार्च २०२२ पासून. डेटा फुटला तर तुम्ही दोन्ही ग्राहकांना कळवायचं, त्यांनी आपापल्या नियामकाला, आणि दंडही दोन्हीकडचे नियामक लावू शकतात. दोन ग्राहकांचा डेटा एकाच सर्व्हरवर सरमिसळ ठेवला असेल तर तो आधी वेगळा करा, वकिलाकडे नंतर जा.

जाता जाता: कंपनीचं संकेतस्थळ .eu वर असेल आणि नोंदणी लंडनच्या पत्त्यावर, तर ते हातचं गेलंच म्हणून समजा. १ जानेवारी २०२१ ला अशी सुमारे ८०,००० नावं बंद पडली. ‘युनियन सोडा’ म्हणून प्रचार करणाऱ्या लीव्ह डॉट ईयूलाही आपला पत्ता बदलावा लागला, यावर मी अजून हसतो.

ब्रिटनची गुप्तहेर यंत्रणा कमकुवत झाली का? (नागपूर)

नाही. अमेरिकेशी हेरगिरीचा करार १९४६ पासूनचा, नाटो वेगळी, आणि राष्ट्रीय सुरक्षा हा विषय युनियनने सदस्य देशांकडेच ठेवलेला. त्या विहिरीवर युनियनचा हक्क कधी नव्हताच.

माझी बहीण पोर्तुगीज पासपोर्टवर २०१५ पासून स्विंडनला राहते. तिच्याकडे तिथे राहण्याचं कार्डच नाही, सगळं ‘ऑनलाइन’ म्हणते. हे खरं असतं का? (मडगाव)

असतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट होती. त्या वाटेने गेलेले कितीतरी गोंयकार स्विंडन आणि साउथॉलला आहेत. ब्रेक्झिटनंतर त्यांना राहण्याचा हक्क नव्याने मागावा लागला, मुदत ३० जून २०२१. त्या अर्जाचं ॲप आधी फक्त अँड्रॉइडवर चालायचं. आयफोनवर पासपोर्टची चिप वाचायची सोय ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, तोवर लोक शेजाऱ्याचा फोन मागून अर्ज भरत होते.

युरोपीय नागरिकांना हा हक्क मिळाला तो फक्त सरकारच्या सर्व्हरवर, हातात कार्ड नाही. घरमालक किंवा नोकरीतला मालक विचारेल तेव्हा ऑनलाइन खात्यात जाऊन ‘शेअर कोड’ काढायचा, तो ९० दिवस चालतो. मला ही पद्धत पटत नाही. सर्व्हर बसला, फोन हरवला, की माणूस हक्काचा असूनही दारात उभा.

बहिणीला इतकंच सांगा: पासपोर्ट नवा केला की नवा नंबर त्याच दिवशी खात्यात जोडायचा. गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावर काउंटरवरची मुलगी जुन्या नंबराशी जुळवत बसली तर विमान थांबत नाही. आणि घरून निघण्याआधी शेअर कोड काढून कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायचा, फोनमध्ये नव्हे.